काळ्या डोक्याची घार

माझ्या वर्गातल्या मुलींच्या घरी पलंगाखाली ट्रंका असायच्या, कांदे-बटाटे असायचे, गावाहून आलेले सोलांचे नि कुळथाचे डबे असायचे. आमच्या पलंगाखाली खवले मांजर होतं. शिवाय एक शेकरू, एक पाणमांजर, दात विचकलेलं उदमांजर, उलटं लटकलेलं मोठं वटवाघूळ, आणि सगळ्यांच्या वर पातळ कागदात गुंडाळलेली ब्राह्मणी घार. चित्रं हो, खरी नव्हेत. पण शाळेत मी हा खुलासा करत नसे, त्यामुळे निम्म्या मुली आमच्याकडे यायला घाबरत आणि उरलेल्या निम्म्या मला खोटारडी म्हणत. आता भाच्याने परवा मोबाईलवर तसलीच चित्रं काढून दाखवली, दोन बोटांनी ताणून पिसन् पीस मोठं केलं आणि म्हणाला, मावशी, काय झकास आहे ना! मी म्हटलं, बाबा रे, ही असली पिसं मी नाकाला नाक लावून पाहिली आहेत, मला नको दाखवू. त्याला वाटलं म्हातारी उगाच तिरसटपणा करतेय. करते मी तिरसटपणा, पण त्या चित्रांच्या बाबतीत मला तो हक्क आहे.

माझे वडील, अप्पा, फोर्टातल्या एका जुन्या संस्थेच्या संग्रहात माउंटर होते. म्हणजे चित्रं पुठ्ठ्यावर बसवायचं काम. दोनशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबाला इथले पक्षी-प्राणी कागदावर उतरवून घ्यायची हौस आली, त्याने पदरी देशी चितारी ठेवले, मेलेलं किंवा पिंजऱ्यातलं जनावर समोर ठेवून त्यांच्याकडून केस न् केस रंगवून घेतला. साहेबाचं नाव प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात होतं. चिताऱ्यांचं कुठेच नव्हतं. त्यावर अप्पा कधी चिडत नसत, मी चिडायचे. ते म्हणत, नलू, नाव नसलं तरी हात दिसतो ना. आणि खरंच दिसायचा. खवल्या मांजराच्या प्रत्येक खवल्याला एका बाजूने उजेड दिलेला असायचा. पाणमांजराच्या पांढऱ्या मिशा एका केसाच्या ब्रशने ओढलेल्या. आणि प्रत्येक प्राण्याच्या डोळ्यात सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. अप्पा मला ठिपका अंगठ्याने झाकून दाखवायचे, अर्थात अंगठा हवेत धरून. ठिपका झाकला की जनावर मेलं, अंगठा काढला की परत आपल्याकडे बघायला लागलं. धाकटी शालू हा खेळ पुन्हा पुन्हा मागायची आणि दर वेळी दचकायची.

जुना पुठ्ठा पिवळा पडून चित्राला आतून खातो. अप्पांचं काम ते चित्र ओलसर टिपकागदात ठेवून हळूहळू पुठ्ठ्यापासून सोडवायचं, वाळवायचं, आणि पातळ कागदाच्या पट्ट्यांनी नव्या पुठ्ठ्यावर बसवायचं. पट्ट्या चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. आमच्या स्टोव्हवरून भाताचं पातेलं उतरलं की खळीचं चढायचं. कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद पडायचं, निळंशार विष, ते वरच्या फळीवर बरणीत असायचं आणि आम्हा मुलींना त्या फळीकडे बोट दाखवायचीसुद्धा बंदी होती. आणि एक नियम असा होता की जो जगात दुसऱ्या कुठल्याच घरात नसेल. चित्रं उघडी असली की फोडणी बंद. तेलाचा धूर कागदावर बसतो म्हणून. मग आम्ही आपले पेज, उकडलेला बटाटा, कच्च्या कांद्याची पचडी, कैरीचं लोणचं असं खात बसायचो, आणि शेजारच्या घरातून बांगड्याच्या तळणाचा वास यायचा. आई मालवणची. तिला मासळी दिसत असताना तळता येत नाही म्हणजे काय शिक्षा, ते तुम्ही समजा. चिडली की ती सरळ मालवणीवर यायची. "तुमची चित्रां बांधून ठेवा बघू," म्हणायची, "माका मासे तळूचे आसत." अप्पा हसायचे, पण चित्रं बांधायचे नाहीत.

आम्ही अंधेरीला राहायचो, पूर्वेला, कारखान्यांच्या मागच्या अंगाला. एक खोली, एक स्वयंपाकाची जागा, आणि एक खिडकी. खिडकीखालून नाला. कारखान्यांचं पाणी कधी हिरवं, कधी जांभळं होऊन त्यातून जायचं, आणि शालू सकाळी उठल्या उठल्या आजचा रंग कुठला ते सांगायची. पाहुणे यायचे ते आल्या आल्या नाकाला पदर किंवा रुमाल लावायचे आणि मग संकोचाने काढायचे. आम्हाला कसला वास न् काय, आमचं नाक त्यातच वाढलेलं. कुणी म्हणालंच तर आई ताडकन म्हणायची की तुमच्या दादरला काय अत्तर शिंपडतात?

त्या वर्षी संस्थेच्या छपरावर पावसाळ्याआधी डांबर घालायचं निघालं आणि अप्पांची कामाची खोली बंद झाली. तिथले मोठे साहेब भले गृहस्थ होते. ते म्हणाले, राणे, एवढा गठ्ठा तुम्ही घरी न्या, तुमच्याइतकी निगा इथे कोण राखतंय? एरवी एखाददुसरं चित्र यायचं, ते चार दिवसांत परत जायचं. या वेळी गठ्ठाच आला, पलंगाखाली गेला, आणि मार्चपासून मेपर्यंत राहिला. अप्पा इतके खूश होते की त्यांनी आईला नवा स्टोव्ह घेऊन देतो असं कबूल केलं. चित्रं एकेक करून ओलावली, सोडवली, कडांना खळीच्या पट्ट्या लावून वाळायला ठेवली. कुठे ठेवली? खिडकीशी. ओला कागद कोंडला तर बुरशी धरते, शिवाय स्टोव्हचा धूर आतल्या बाजूला, म्हणून त्यांनी चित्रांना घरातली सगळ्यात चांगली जागा दिली आणि खिडकी सताड उघडी ठेवली. संध्याकाळी कामावरून आले की हात धुऊन आधी तिकडे जायचे, मग चहा.

पहिल्यांदा घारीकडे आईचं लक्ष गेलं. ब्राह्मणी घारीचं अंग विटकरी आणि डोकं-छाती पांढरी स्वच्छ, नुकती इस्त्री केलेल्या शर्टासारखी. आई म्हणाली, हिचं डोकं मळलंय. अप्पांनी मऊ ब्रशने झटकलं. धूळ नव्हती. दोन दिवसांनी डोकं राखाडी दिसायला लागलं, मग शिसपेन्सिलीने भरल्यासारखं, मग काळं. उदमांजराचे दात काळे झाले. आईने वातावरण हलकं करायला म्हणून म्हटलं, "उदमांजरान मिश्री लायल्यान काय?" मी आणि शालू खो खो हसलो. अप्पांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की शालू हसता हसता रडायलाच लागली. मग त्यांनी एकेक चित्र उचलून उजेडात धरलं. पाणमांजराच्या मिशा काळ्या, खवल्यांवरचा उजेड काळा. आणि डोळ्यांतले ठिपके गेलेले. सगळ्यांचेच. शेकरू, वटवाघूळ, घार, कुणीच आता आमच्याकडे बघत नव्हतं.

अप्पांनी ठरवून टाकलं की हे त्यांच्या खळीने केलं. त्या वर्षी झुरळं फार झाली होती म्हणून त्यांनी मोरचूद जरा सैल हाताने घातलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. पट्ट्या काढल्या, पाण्याचा हात फिरवला, पुन्हा वाळवलं, पुन्हा खिडकीशी ठेवलं, आणि काळं आणखी काळं झालं. मग ते थांबले. कामावर जायचेही थांबले. अंगात ताप आहे असा निरोप पाठवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. अप्पा म्हणजे उठता-बसता गुणगुणणारा माणूस, खळ ढवळताना भजन म्हणणारा, आणि आता घरात फक्त स्टोव्हचा आवाज. मी जवळ गेले की एकच वाक्य म्हणायचे, "दोनशे वर्षं टिकलं गं, आणि माझ्या हाताखाली गेलं." नोकरी जाईल याची भीती असणारच, छपराचं काम आटपत आलं होतं आणि गठ्ठा परत न्यायचा होता. पण त्याचं ते नावही काढत नसत. त्यांना लाज वाटत होती, त्या नाव नसलेल्या चिताऱ्यांची लाज. आज मला वाटतं की माणसाने इतकं कुणाचं वाईट वाटून घेऊ नये. तेव्हा मात्र मला वाटायचं की कुणीतरी यावं आणि आमच्या अप्पांना परत द्यावं, बाकी काही नको.

आई ताट घेऊन समोर बसायची. "दोन घास तरी खावा." ते मान हलवायचे. तिने फोडणी दिली, मुद्दाम, लसूण घालून, त्यांनी ओरडावं म्हणून. ते ओरडले नाहीत. फोडणीचा धूर चित्रांकडे सरळ चालला होता आणि अप्पा नुसते बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने स्टूल घेतलं, वरच्या फळीवरची मोरचुदाची बरणी काढली, पदराखाली धरली आणि बाहेर गेली. परत आली तेव्हा हात मोकळे होते. माझ्याकडे बघून म्हणाली, भांडी घास. मी सोळा वर्षांची होते, मला काय ते सगळं कळलं. भांडी घासता घासता माझ्या हातून आईचा आवडता पेला फुटला, आणि ती खाली बसून काचा वेचत राहिली.

त्या दिवसापासून आम्ही तिघी अप्पांना एकटं सोडत नव्हतो. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. आई पाणी भरायला गेली की मी दारात, मी बाहेर गेले की आई आत, आणि शालू तर त्यांच्या मांडीला चिकटलेलीच, खोकत. तिला खोकला होताच, लहानपणापासून, तिच्या आवाजाचाच तो भाग आहे असं आम्ही धरून चाललो होतो. मी देवाला किती नवस बोलले त्याचा हिशेब नाही, त्यातले निम्मे कुठल्या देवाचे होते तेही आठवत नाही. बरं, कुणाला विचारावं? संस्थेत विचारलं तर बोभाटा. शेजारी विचारलं तर म्हणणार, कागदासाठी कुणी एवढं करतं का? शेवटी मी पुढच्या बिल्डिंगमधल्या कामतकाकांकडे गेले. ते एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते, बडबडे, आणि रंग म्हणजे रंग, एवढंच माझ्या डोक्यात. दार उघडल्याबरोबर मी हुंदके द्यायला लागले. काका बिचारे घाबरले, म्हणाले, अगं, कोण गेलं? मी म्हटलं, अजून कुणी नाही, तुम्ही चला.

ते आले, बनियनवरच. चित्रं पाहिली, वाकून वास घेतला, खिडकीशी जाऊन उभे राहिले. अप्पा भिंतीकडेच तोंड करून म्हणाले, "माझ्या खळीने झालंय, कामत. मोरचूद जास्त झालं." काका म्हणाले, "थांबा हो राणे." आणि आईला भलताच प्रश्न विचारला.

"वहिनी, घरात चांदीचं काही आहे?"

आईने देवातली वाटी पुढे केली. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली. बुडाशी काळपट झाली होती.

"ही किती दिवसांनी घासता?"

"दर आठवड्याक, बेस्तरवारी घासतंय. नायतर काळीकुट पडता."

"आणि तुमच्या माहेरी?"

"म्हायेराक?" आई विचारात पडली. "म्हायेराक दिवाळेक एकदा घासली की झाला."

बोलता बोलता ती वाटीकडे बघत राहिली. काका स्टुलावर बसले आणि त्यांनी सांगितलं, अगदी सावकाश, शाळेतल्या मास्तरांसारखं. जुने चितारी पांढरा रंग शिशापासून करायचे. या नाल्यातून जो सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्यातला वायू चांदीला काळी करतो तसाच शिशालाही करतो. त्यात कागद ओला, आणि खिडकी उघडी. "तुमच्या खळीचा काडीचा संबंध नाही, राणे. पांढरं तेवढंच गेलंय, दुसऱ्या कुठल्या रंगाला धक्का आहे का बघा. आणि हे परत येतं. एक औषध आहे, कान धुवायला वापरतात तेच, पण जपून करायला लागतं. साहेबांना सांगा, माहितगाराकडून करून घ्या. तुम्ही स्वतः नका हात लावू."

अप्पा वळले. मला वाटतं तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. मग ते रडले, मोठ्याने, लहान मुलासारखे, काकांचा हात धरून. आईने लगेच पाट मांडला. अप्पा जेवले, दोनदा भात घेतला. संध्याकाळी आईने चित्रं बांधायला लावली आणि बांगडे तळले, आणि काकांकडे ताटली पाठवली. मी इतकी हलकी झाले होते की शालूला पाठीवर घेऊन गॅलरीतून पळत सुटले आणि खालच्या मजल्याच्या शिव्या खाल्ल्या.

सोमवारी अप्पा गठ्ठा घेऊन टॅक्सीने गेले. आमच्या घरात टॅक्सी म्हणजे बाळंतपण नाहीतर मरण, पण आई स्वतःच म्हणाली की टॅक्सीने जा. साहेब रागावले नाहीत. त्यांनी कुणा जाणकाराला बोलावलं, आणि पुढे केव्हातरी घारीचं डोकं पांढरं झालं, अगदी पहिल्यासारखं नाही, जरा दुधासारखं, पण पांढरं. डोळ्यांतले ठिपकेही आले. ते पुढचं. त्या सोमवारी अप्पा घरी आले ते ताठ मानेने. आई भात वाढत होती, ते पाटावर बसले आणि उत्साहाने सांगायला लागले. साहेबांनी पाठ थोपटली, म्हणाले राणे, तुमची काही चूक नाही. चहा मागवला. आणि कारकुनाला बोलावून बजावलं की यापुढे एकही चित्र राण्यांच्या घरी जाणार नाही. "म्हणाले, तिथली हवा विषारी आहे, तिथे काही ठेवणं म्हणजे..."

तेवढ्यात शालू खोकली.

अप्पांचा हात ताटात तसाच राहिला. शालू खिडकीशी बसली होती, चित्रं गेल्यामुळे जागा मोकळी झाली होती म्हणून. एरवी ती तिथेच अभ्यासाला बसायची, तिथेच झोपायची, घरातली सगळ्यात चांगली जागा ती. अप्पा तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी आईला विचारलं, "ही कधीपासून खोकतेय?"

आई म्हणाली, "कधीपासून म्हणजे? आधीपासून."

ते जेवणावरून उठले. खिडकी लावली. खिडकीच्या फटी होत्याच, जुनी लाकडं ती. त्यांनी खळीचं पातेलं स्टोव्हवर चढवलं, पुठ्ठ्यासाठी आणलेला चांगला कागद काढला, लांब पट्ट्या फाडल्या आणि फटींवर डकवायला लागले. एकावर एक. कोपऱ्यात बोटाने दाबून, कडा कापडाने टिपून, जसं चित्राला करायचे तसं, तितक्याच निगुतीने. आम्ही बघत होतो. संपूर्ण खिडकी त्यांनी अशी बंद केली की तिथे कधी खिडकी होती असं वाटू नये. मग तिला पाठ लावून बसले.

मे महिना, आणि वर पत्रे. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहाला स्टोव्ह पेटवला आणि घर धुराने भरलं. डोळे चुरचुरायला लागले. शालूला ढास लागली, ती थांबेचना, चेहरा लाल झाला, ती हाताने हवा ओढायला लागली. आईने स्टोव्ह विझवला, विळीशेजारची सुरी घेतली आणि खिडकीपाशी गेली. अप्पा उठून मध्ये उभे राहिले. "नको," म्हणाले. "नको ना गं. सोन्यासारख्या पोरी आहेत." इतक्या गरिबीने मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"सरा," आई म्हणाली. ते सरले नाहीत. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना बाजूला केलं, हळूच. मग एकेक पट्टी सुरीने चिरत गेली.

"चित्रांक सायब आसा," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "आमका कोण आसा?"

खिडकी उघडली. वास आत आला. मला तो आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि मग तो कधी गेलाच नाही. शालूने मोठा श्वास घेतला आणि तिची ढास शमली. अप्पा तिच्या उशाशी बसले, उरलेला पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि तिला वारा घालायला लागले. मी म्हटलं, अप्पा, कामाला उशीर होईल. ते मान हलवून वारा घालतच राहिले, आणि नाल्याची हवा थोडी थोडी तिच्या तोंडावर येत राहिली.